झिवोयिनचे पुढचे सहा दात

ऑस्ट्रियात, लिंझ शहरातल्या एका कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, स्लावोल्युब नावाच्या माणसाने जर्दाळूची कोय दाताने फोडायचा प्रयत्न केला. कोय फुटली नाही.

*

पेत्रोवात्स गावात घर बांधून झालं की फाटकावर दोन सिमेंटचे सिंह बसवतात. मालक ऑस्ट्रियात, सिंह गावात. वर्षभर घर सिंहच सांभाळतात. ऑगस्टमध्ये मालक येतो, सिंहांना पांढरा रंग देतो आणि परत जातो.

*

चकचकीत वस्तू स्कॅनरला दिसत नाही. आरसा, सोनं, तूप लावलेलं काहीही. तिच्यावर आधी पांढरी पूड भुरभुरावी लागते, मग ती दिसते. माणसांचंही बहुधा असंच असावं, पण तो विषय वेगळा.

*

चुलत, मामे, आत्ते, मावस. वधूवरांत यातलं कुठलंही नातं निघालं की पोप, म्हणजे गावच्या चर्चचा पाद्री, पोथी मिटतो, मेणबत्ती विझवतो आणि जेवायला घरी जातो.

*

"दाजी, तुम्ही माणूस सोन्यासारखे आहात. पण आत्ता एक गोगलगाय तुमच्या पुढे निघून गेली." हे विदोये, म्हणजे मेव्हणा.

*

आता गोष्ट सुरू करायला हरकत नाही.

तिहोमिर दात बनवायचा. दातांचा डॉक्टर नव्हे. डॉक्टर तोंडात बोटं घालतो, त्याला लोक घाबरतात आणि नव्या वर्षाला राकियाची (फळांच्या दारूची) बाटली पाठवतात. तिहोमिर स्वतःच्या घराच्या तळमजल्यावर बसून कॅप, ब्रिज आणि कवळ्या बनवायचा. त्याला कुणी घाबरत नसे, आणि बाटलीचं तर नावच नको. गावातली निम्मी माणसं त्याने केलेल्या दातांनी जेवायची आणि त्याच दातांनी त्याला नावं ठेवायची.

काम असं चालायचं. चौकातल्या दवाखान्यात डॉक्टर रूझित्सा पेशंटच्या तोंडात कॅमेऱ्याची कांडी फिरवायच्या. तोंडाचं चित्र तळमजल्यावरच्या संगणकात येऊन पडायचं. मग तिहोमिर पडद्यावर त्या जबड्याचं मॉडेल तयार करायचा. हिरडीची कड कापायची, खाली बैठक द्यायची, एकेक दात सुटा करायचा आणि जिथे दात उरला नाही तिथे नवा घडवायचा. पुढचं काम यंत्रांचं. एक यंत्र मॉडेल थरावर थर रचून बाहेर काढायचं, दुसरं दात कोरायचं. यंत्रांना घाई असायची. तिहोमिरला नसायची.

तो एका सुळ्यावर अख्खी सकाळ घालवू शकायचा. "हा माणूस चिडका आहे," तो पडद्याकडे बघून पुटपुटायचा, "याचा सुळा जरा खाली हवा." किंवा, "या बाईला शिट्टी वाजवता येते, हिच्या दोन दातांत जागा ठेवू या." जुन्या पद्धतीत मेण कोरताना जशी समाधी लागायची तशीच त्याला माऊस हातात घेऊन लागायची. त्याच्या मते दाताला दोष हवा. ज्याला दोष नाही तो दात नाही, न्हाणीघराची फरशी आहे. हे तत्त्व त्याने इतक्या वेळा इतक्या लोकांना ऐकवलं होतं, की रस्त्यात तो दिसला तर लोक तोंड मिटून घ्यायचे.

वर्षाचे अकरा महिने हे सगळं ठीक होतं. पण ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियात गेलेली सगळी माणसं सुट्टीवर गावी येत. येताना लांबलचक गाड्या, मोठमोठ्या बॅगा आणि वर्षभर न केलेले दात बरोबर आणत. तिकडे दात महाग. इकडे मावशीच्या ओळखीने होतात. शिवाय लग्नं ऑगस्टमध्ये, आणि फोटोत तोंड मिटून कोण उभं राहणार? त्यामुळे तीन आठवडे अख्खं व्हिएन्ना आणि निम्मं लिंझ डॉक्टर रूझित्सांच्या दारात तोंड उघडून उभं असायचं.

आणि या वर्षी त्या लग्नांपैकी एक तिहोमिरच्या घरचं होतं.

मुलगी नेवेना. मुलगा लिंझचा, स्लावोल्युबचा. (कोय आठवत असेल.) लग्न ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी. सोमवारी मुलाची सुट्टी संपत होती. शनिवार हुकला तर पुढच्या ऑगस्टशिवाय पोपकडे तारीख नव्हती, आणि नेवेनाने औषधांच्या दुकानातली नोकरी सोडून, बॅग भरून, बॅगेवर बसून ती बंदसुद्धा केली होती. ती बॅग पुन्हा उघडेल असं काही झालं तर आपण जबाबदार नाही, असं तिने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

तिहोमिरची बायको झागोर्का दिवसातून सतरा वेळा जिन्यावरून खाली ओरडायची.

"तिहो! तंबूवाला आलाय!"

"एक दाढ राहिलीय!"

"दाढ उभी करणार आहे का तंबू?"

त्यात डॉक्टर रूझित्सांनी फोन करून सांगितलं, की लग्नाआधी सगळ्यांचं काम हातात हवं. या वेळी उशीर झाला तर पुढच्या वर्षीपासून त्या काम दुसऱ्या गावी पाठवतील. "तुमचे दात सुंदर असतात, तिहोमिर," त्या म्हणाल्या, "पण पेशंट जिवंत असताना मिळाले तर बरं."

इथे विदोयेचा प्रवेश.

विदोये झागोर्काचा धाकटा भाऊ. व्हिएन्नात त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. संगणकाबद्दल त्याला सगळं माहीत होतं, फक्त संगणकाला ते माहीत नव्हतं. तो बहिणीच्या घरी लग्नाच्या मदतीला आला होता आणि पहिल्याच दिवशी त्याने तळमजल्यावर खुर्ची टाकली.

"दाजी, एक साधा प्रश्न विचारू? दरवेळी नवे दात कशाला घडवता?"

"कारण दरवेळी माणूस नवा असतो."

"दाजी, ऑगस्ट आहे. ऑगस्टमध्ये माणूस नवा नसतो, पुढचा असतो. एक चांगलं तोंड निवडा आणि आत साठवून ठेवा. जबडा आला की संगणक तेच तोंड त्यावर बसवेल. इथे ताणेल, तिथे आवळेल. बैठक तोच कापेल, दात तोच सुटे करेल. तुम्ही नुसतं 'हो' दाबायचं."

"तयार दात तर संगणकाबरोबरच आलेत की."

"मग ते घ्या!"

"फरशी," तिहोमिर म्हणाला.

म्हणजे विदोयेची कल्पना त्याने नाकारली नाही. नाकारले ते फक्त निर्दोष दात. त्याला संगणकात घालायला खरं, गावचं, एखाद-दुसरा दोष असलेलं तोंड हवं होतं. घात त्याच्या तत्त्वाने केला. तत्त्व नसतं तर ही गोष्ट झाली नसती, आणि तत्त्व नसलेल्या लोकांच्या गोष्टी कुणी सांगतही नाही.

कुणाचं तोंड घ्यायचं यावर गल्लीत चर्चा सुरू झाली, कारण विदोयेने ती गल्लीत नेली.

शेजारची देसान्का म्हणाली, "माझ्या मुलाचं घ्या. दुधाचे दात आहेत, पण काय सुंदर!"

कोपऱ्यावरचा खाटीक म्हणाला, "माझं बघा," आणि त्याने ते दाखवलं. देसान्का दोन पावलं मागे सरकली.

तिहोमिरच्या सासूबाई पेर्सिदा म्हणाल्या, "आमच्या ह्यांचं घ्यायला हवं होतं. माणूस गेला पण एक दात हलला नाही."

"आई, ते आता कसं घेणार?" झागोर्काने विचारलं.

"मी फक्त सांगतेय," सासूबाई म्हणाल्या. घरातल्या सगळ्या अशक्य सूचना त्या याच शब्दांनी संपवत.

शेवटी तिहोमिरने कुणालाही न विचारता निवड केली. झिवोयिनचं तोंड.

झिवोयिन म्हणजे अकॉर्डियन. सत्तरी ओलांडली तरी आजूबाजूच्या गावांत त्याच्याशिवाय लग्न लागत नसे. तरुणपणी तो जितका गाण्यासाठी प्रसिद्ध होता तितकाच हसण्यासाठी, आणि त्या हसण्यामुळे कुठे कुठे काय काय झालं याच्या कथा बायका पावाचं पीठ मळताना हळू आवाजात सांगत. दात मात्र सगळे स्वतःचे. पुढच्या दोघांच्या मध्ये केसाएवढी फट, आणि डावीकडचा दात किंचित वळलेला, जेवणाच्या टेबलावर शेजारच्याचं बोलणं ऐकायला पाहुणा वळतो तसा. तिहोमिरला त्या दाताबद्दल आदर होता. वसंतात झिवोयिन झोपेत दात खातो (तेही तालात) अशी बायकोची तक्रार आली, म्हणून डॉक्टरांनी त्याच्या तोंडाचं चित्र पाठवलं होतं. ते संगणकात होतंच. विदोयेने ते जिथे ठेवायचं तिथे ठेवलं, दोनदा चुकीच्या ठिकाणी ठेवलं, एकदा सगळा संगणक बंद पाडला, आणि मग ते काम करू लागलं.

पहिलं मॉडेल इतकं झटपट झालं, की तिहोमिरला अपमान झाल्यासारखं वाटलं. त्याने पडदा तपासला, वरून पाहिलं, खालून पाहिलं, चूक सापडेना. झिवोयिनचे सहा दात एका अनोळखी जबड्यावर असे बसले होते, जणू तिथेच उगवले.

दुसऱ्या मॉडेलला त्याने पडदा वरूनच पाहिला. पाचव्याला नुसतं 'हो' दाबलं. त्या आठवड्याच्या शेवटी तो 'हो' दाबता दाबता तंबूवाल्याशी फोनवर भांडत होता, आणि दोन्ही कामं उत्तम चालली होती. आयुष्यात पहिल्यांदा तो दुपारी जेवायला वेळेवर वर आला. झागोर्काने त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

डॉक्टर रूझित्सा खूष. पेशंट खूष. लोक आरशात पाहून म्हणायचे, "किती खरे वाटतात!" वाटणारच. खरेच होते, दुसऱ्याचे.

हे सगळं इथेच थांबलं असतं. पण विदोयेला जाहिरात सुचली. त्याने कापडी फलक छापून आणला आणि फाटकावरच्या दोन सिंहांच्या मानेला बांधला:

आमचा संगणक तुमच्या हाडावरून तुमच्या रक्ताचे मूळ दात ओळखतो!

"हे खरं नाही," तिहोमिर म्हणाला.

"दाजी, जाहिरात आहे. खरी असती तर बातमी म्हटलं असतं."

फलक काढायला हवा होता. तिहोमिरला ते कळत होतं. पण त्याच संध्याकाळी तीन माणसं त्याला विचारून गेली की हाडातलं रक्त संगणकाला कसं कळतं, आणि कुणी त्याला त्याच्या कामाबद्दल विचारण्याची ती पहिलीच वेळ होती. त्याने हात मागे बांधून "ते जरा गुंतागुंतीचं आहे" असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेतून ब्लागोये आला. ब्लागोये लग्नांची नोंदणी करायचा, आणि लग्नं नसतील तेव्हा विनापरवानगी फलक उतरवायचा. दोन्ही कामं तो एकाच चेहऱ्याने करी.

"परवानगी?"

"द्या ना," विदोये म्हणाला.

"अशी देता येत नाही. अर्ज लागतो, नकाशा लागतो, सिंहांच्या मालकीचा दाखला लागतो." बोलताना ब्लागोयेने सवयीने तोंडावर हात धरला होता. समोरचे दोन दात नव्हते. मग त्याने फलक पुन्हा एकदा वाचला, या वेळी नोंदणी अधिकारी म्हणून नव्हे. "हे मूळ दात म्हणजे... जसे असायला हवे होते तसे?"

फलक राहिला. ब्लागोयेला दात मिळाले.

झिवोयिनचे दात मिळालेल्यांच्या यादीत (यादी कुणी केली नव्हती, हाच मुद्दा आहे) स्लावोल्युब होता, त्याच्या घरच्या दोन काकवा होत्या, व्हिएन्नाहून आलेला मुलाकडचा कूम होता, ज्याने लग्नात वराच्या शेजारी उभं राहायचं असतं. आणि शेवटी झागोर्का. केकसाठीचे अक्रोड चाखताना तिचा जुना ब्रिज तुटला होता. तिहोमिर त्या वेळी एका हाताने खुर्च्या मोजत होता. दुसऱ्या हाताने त्याने 'हो' दाबलं.

*

शनिवार.

गाड्या हॉर्न वाजवत आल्या. सगळ्यांत पुढे झिवोयिन, छातीवर अकॉर्डियन, तोंडभर हसू. रीतीप्रमाणे मुलाने बंदुकीने खांबावरचं सफरचंद पाडलं, दुसऱ्या गोळीत. पहिली सिंहाला लागली. मग वधूला न्यायला तिच्या दारात किमतीची रीतसर घासाघीस झाली, राकिया फिरली, अंगणात टेबल मांडून ब्लागोये नोंदणीला बसला. ती आटोपली की चर्चमध्ये पोपकडे जायचं. तेवढ्यात फोटोवाला म्हणाला, "आधी दोन्ही घरांचा एक फोटो. सगळे हसा!"

सगळे हसले.

फोटोवाल्याने कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला, काच पुसली, पुन्हा लावला. "एक मिनिट," तो म्हणाला. "हा कॅमेरा काहीतरी करतोय. एकच तोंड सगळ्यांना छापतोय."

वराकडे एक मावशी होती. गावातल्या सगळ्यांच्या जन्मतारखा तिला पाठ, आणि जन्मतारखेच्या आधीच्या गोष्टी त्याहून जास्त पाठ. ती पुढे झाली. तिने कॅमेऱ्यात पाहिलं. मग झागोर्काकडे, मग स्लावोल्युबकडे, मग टेबलामागे अधिकृत हसू धरून बसलेल्या ब्लागोयेकडे. आणि मग हळूच, सगळ्यांत शेवटी, अकॉर्डियनकडे.

"अग बाई," ती म्हणाली.

"काय झालं?"

"ती फट बघ. आणि तो वळलेला दात."

"अहो, नवे दात आहेत ते. तिहोमिरने केलेत."

"नवे आहेत हो, पण केलेत कशावरून?" मावशीने हात उंच करून फलकाकडे बोट दाखवलं. "वाचा! रक्तावरून!"

अंगणातल्या सगळ्यांनी फलक वाचला. काहींनी मोठ्याने वाचला. ज्यांना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं त्यांना इतरांनी वाचून दाखवला.

मग लोकांनी वयं जुळवायला सुरुवात केली. झागोर्का पन्नाशीची, स्लावोल्युब चौपन्न वर्षांचा. झिवोयिन तेव्हा ऐन उमेदीत, या खोऱ्यातल्या प्रत्येक लग्नात हजर. "पेर्सिदाच्या लग्नात यानेच वाजवलं होतं!" कुणीतरी म्हणालं. "स्लावोल्युबच्या आईच्या पण!"

आता झिवोयिनने नाही म्हटलं असतं तर प्रकरण मिटलं असतं. पण त्याची बायको त्या दिवशी आली नव्हती. त्याने डोळे खाली घातले, विनयाने, आणि बोटांनी अगदी हळू एक सूर धरला.

"म्हणजे," स्लावोल्युब कापऱ्या आवाजात म्हणाला, "झागोर्का माझी बहीण?" तो एकुलता एक होता. पन्नास वर्षं त्याला बहीण हवी होती. त्याने अंगण ओलांडलं आणि झागोर्काला मिठी मारून हुंदके द्यायला सुरुवात केली.

"सोड रे मला! कुणाची बहीण?" झागोर्का ओरडली. ओरडताना फट दिसली. गर्दीतून "आहे, आहे" असा आवाज आला.

ब्लागोयेने नोंदवहीचं पान मिटलं.

"तुम्हाला काय झालं?" तिहोमिरने विचारलं.

"मला सही करता येणार नाही. माझे दात बघा. मी वधूचा मामा आहे आणि वराचा काका. नात्यातल्या अधिकाऱ्याने नोंद करू नये असा नियम आहे. शिवाय," त्याने घसा खाकरला, "ती दोघं एकमेकांची कोण लागतात हे मला तोंडाने म्हणवत नाही."

दारात नेवेना उभी होती, पांढऱ्या झग्यात, लाल डोळ्यांनी. तिचा नवरा मुलगा तिच्यापासून तीन हात लांब जाऊन उभा राहिला होता, खबरदारी म्हणून.

"बाबा," ती म्हणाली, "तो बघा कुठे उभा आहे. बाबा, काहीतरी करा."

आत्तापर्यंत तिहोमिरला वाटत होतं की हे आपोआप विरेल, जसं त्याच्या आयुष्यात बरंचसं विरलं होतं. आता तो खुर्चीवर चढला. खुर्ची तंबूवाल्याची होती. ती एका बाजूला कलली, तोही कलला, आणि त्या कललेल्या अवस्थेत त्याने सगळं सांगितलं. संगणकाला रक्तातलं काही कळत नाही. वेळ नव्हता म्हणून त्याने एकच तोंड सगळ्यांना लावलं. झिवोयिनचं. फलक खोटा आहे.

मग वराकडची मावशी डोळे पुसत म्हणाली, "केवढं मोठं मन! सासूची अब्रू झाकायला स्वतःच्या धंद्यावर पाणी सोडतोय."

"जावई असावा तर असा," खाटीक म्हणाला.

"नाही हो! खरंच मी..."

"पुरे, तिहोमिर. कळलं आम्हाला. खाली उतर."

याहून मोठा अपमान त्याने ऐकला नव्हता. माणूस आयुष्यात एकदा चूक कबूल करतो, आणि लोक त्याला मोठ्या मनाचा म्हणून गप्प करतात.

तेवढ्यात सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्या बिस्किटांवर पिठीसाखर चाळत होत्या. चाळण हातातच होती. कुणीतरी त्यांना कानात सांगितलं. त्यांनी चाळण न हलवता पूर्ण ऐकून घेतलं.

"झिवोयिन?" त्या म्हणाल्या. "आणि मी? तो माझ्या लग्नात इतका बेसूर वाजवत होता की आमच्या ह्यांनी त्याला बैलांच्या गोठ्यात बसवलं होतं."

झिवोयिनचा सूर तुटला.

"जावई," त्या तिहोमिरकडे वळल्या. "तुमचं यंत्र कुणालाही याचे दात लावतं?"

"कुणालाही, आई."

"जबडा लागतो फक्त?"

"फक्त जबडा."

पेर्सिदाबाईंनी मांडवात मांडलेल्या मुख्य टेबलाकडे पाहिलं. टेबलाच्या मधोमध, सोनेरी भाजलेलं, तोंडात सफरचंद धरलेलं डुकराचं पिल्लू होतं. त्यांनी सफरचंद काढलं, शेजारच्या माणसाच्या हातात दिलं आणि थाळी उचलली.

"चला."

वऱ्हाड जिन्यावरून खाली उतरलं. तळमजल्यावर जेमतेम चार माणसांची जागा. तिथे पहिल्या लोटात वीस घुसली, बाकीची जिन्यावर आणि खिडकीत. तिहोमिरने जबड्यांचे ठसे टिपायला ठेवलेल्या स्कॅनरची पेटी उघडली. पिल्लाचं थोबाड आत गेलं, कान बाहेर राहिले. पडदा काळा.

"दिसत नाही," विदोये म्हणाला. "चकाकतंय. चरबी आहे ना. पूड मारायला हवी."

"पूड संपलीय," तिहोमिर म्हणाला. "या गर्दीतच संपली सगळी."

सासूबाईंनी पिल्लाच्या तोंडावर पिठीसाखर चाळली. पडद्यावर हळूहळू एक जबडा उमटू लागला. वरून पोपचा फोन आल्याचं कुणीतरी ओरडलं: येताय की मेणबत्ती विझवू? त्याच्याकडे यानंतर दुसरं लग्न होतं.

संगणकाने लाल अक्षरांत लिहिलं, की जबडा ओळखता आला नाही.

गर्दीत कुजबुज झाली. स्लावोल्युब पुन्हा झागोर्काचा हात शोधू लागला.

"घाबरू नका, दाजी. कमान हाताने दाखवा," विदोये म्हणाला. आणि मान्य करायला हवं, की त्या महिन्यात त्याने दिलेला हा एकमेव बरोबर सल्ला होता.

तिहोमिरने खुर्ची ओढली. इतके दिवस नुसतं 'हो' दाबणाऱ्या बोटांनी त्याने माऊस धरला, पिल्लाच्या जबड्याची कमान एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आखली, हिरडीची कड दाखवली. रेषा स्वच्छ आली. मग त्याने 'हो' दाबलं.

इतक्या दिवसांची घाई त्या एका क्षणात फळाला आली. कुणाला दोनदा श्वास घ्यायलाही अवधी मिळाला नाही. पडद्यावर डुकराचं पिल्लू मंद हसलं. पुढच्या दोन दातांत केसाएवढी फट, आणि डावीकडचा दात किंचित वळलेला.

"म्हणजे," पेर्सिदाबाईंनी विचारलं, "हेही झिवोयिनचंच?"

आधी खिडकीतला एक जण हसला. मग जिना हसला. मग स्लावोल्युब हसला, रडत रडत, कारण त्याची बहीण गेली होती. ब्लागोयेने तोंडावर हात धरून हसून घेतलं, मग हात काढला, आता त्याला लपवायचं काही नव्हतं. सगळ्यांत शेवटी मावशी. हसली नाही, पण "जबडा चांगला आहे" एवढं म्हणाली. नेवेनाचा नवरा मुलगा तीन हातांचं अंतर तोडून तिच्याजवळ आला आणि तिने त्याच्या पाठीत एक सणसणीत धपका घातला. ते लग्नातलं पहिलं वचन समजायला हरकत नाही.

एकटा झिवोयिन थोडा उतरला होता. "मी काही म्हटलंच नव्हतं," तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

ब्लागोयेने पान उघडलं, सही घेतली. मेणबत्ती विझायच्या आत वऱ्हाड चर्चमध्ये पोहोचलं. पिल्लू टेबलावर परत गेलं. तोंडाकडचा भाग गोड लागतो असं विदोयेने सांगितलं, पण तो त्याला एकट्यालाच खावा लागला.

*

जेवणाच्या वेळी डॉक्टर रूझित्सा थाळी घेऊन तिहोमिरच्या शेजारी येऊन बसल्या.

"किती तोंडांत गेलेत?"

"ऑगस्ट लागल्यापासून आलेल्या सगळ्यांच्या."

त्यांनी काटा खाली ठेवला. "जुलैअखेर माझी एक कॅप झाली होती."

"ती आधीची. ती मी हाताने केली."

त्यांनी तरीही पिशवीतून छोटा आरसा काढला आणि बराच वेळ त्यात पाहिलं. मग म्हणाल्या, की सोमवारपासून ज्याला बदलून हवेत त्याला बदलून द्यायचे, आणि उशीर झाला तर झाला. दुसऱ्या गावी पाठवण्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

बदलून मागणारे थोडेच निघाले. बाकीचे सुट्टी संपवून त्याच दातांनी परत गेले. व्हिएन्नात ट्राममध्ये आजही कधी कधी दोन अनोळखी माणसं चुकून एकमेकांकडे पाहून हसतात, आणि लगेच विचारतात, कुठल्या गावचे? स्लावोल्युबने दात बदलायला साफ नकार दिला. नाताळला तो लिंझहून कॉफीचं पाकीट पाठवतो, वर नाव लिहितो: बहिणीला.

फलक ब्लागोयेने काढला. परवानगी नव्हती.

सोमवारी नेवेनाची गाडी गेली. हात हलवून झाले, सिंहांच्या मध्ये धूळ बसली, आणि झागोर्का थेट तळमजल्यावर आली. तिने विदोयेची खुर्ची ओढली, मांडीवर शेंगांची परात घेतली आणि म्हणाली, "माझे दे."

तिहोमिरने झिवोयिनचं तोंड संगणकातून काढून टाकलं होतं. त्याने पडद्यावर झागोर्काचा जबडा उघडला, ब्रिजच्या जागी दात नसलेला, आणि कोऱ्या जागेकडे बघत बसला. मग पहिला दात घेतला. जरा आखूड केला. कडेचा कोपरा किंचित उडवला, कारण लग्नाच्या पहिल्या वर्षी तिने शिवताना दोरा दाताने तोडायला जाऊन तो उडवला होता आणि त्याला मात्र सांगितलं होतं की जन्मापासून असाच आहे.

"हा पुढे आलाय," झागोर्का शेंग सोलता सोलता म्हणाली.

"तो पुढेच होता."

"कधीच नव्हता."

"गप्प बसलीस की आत जायचा. बोलायला लागलीस की पुढे यायचा."

"मग गप्पच्या वेळचा कर."

"तसा कधी बघायलाच मिळाला नाही," तिहोमिर म्हणाला. तिने एक शेंग त्याच्या डोक्यावर मारली.

"किती वेळ लागेल?"

"लागेल तेवढा."

"मी बसलेय," ती म्हणाली.

लग्नाच्या आदल्या शुक्रवारी, ब्रिज बसवून घरी आल्यावर, झागोर्काने आरशात पाहून विचारलं होतं, "तिहो, हे कुणाचे आहेत?" आणि तिहोमिरने खुर्च्या मोजता मोजता सांगितलं होतं, "तुझेच."